मुंबईला जाऊ, पण जेवायचं कुठं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्ही कळव्याची माणसं अजूनही 'मुंबईला जायचंय' असंच म्हणतो. खाडीचा पूल ओलांडला की ठाणं, आणि ठाण्याहून लोकलनं तासाभरात बोरीबंदर. पण मनातलं अंतर काही कमी होत नाही. शाळांना सुट्ट्या लागल्या किंवा गावाहून पाहुणे आले की सोसायटीत बेत ठरू लागतात. गेटवे, म्युझियम, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह. बेत ठरला की कुणीतरी माझं दार वाजवतं, कारण मी चौतीस वर्षं कळव्याहून फोर्टात नोकरीला जात होते. प्रश्न ठरलेला असतो, 'मावशी, बघायचं काय ते ठरलंय, पण जेवायचं कुठं?'

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. हिशेब करून पाहा. लोकलचं तिकीट अजूनही परवडतं. समुद्राला तिकीट नाही, गेटवेला नाही, बोरीबंदरची इमारत बाहेरून डोळे भरून पाहायला कुणी पैसे मागत नाही. सहा माणसांच्या सहलीत सगळ्यात मोठा खर्च होतो तो दुपारच्या जेवणाचा. बरं, अडचण नुसती पैशांची नसते. आजोबांना मधुमेह, त्यांना एकच्या पुढं उपाशी राहून चालत नाही. आजींना जिना चढवत नाही. धाकट्याला तिखट नको. सुनेला आधी स्वच्छतागृह हवं असतं, पण ती ते चारचौघांत बोलत नाही. नुसती स्वस्त जागा मुंबईत पावलापावलावर आहे. कुटुंबाला ऐसपैस बसता येईल अशीही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच दाराआड सापडणं मात्र अवघड.

असं का, याचं उत्तर या शहराच्या इतिहासात आहे. मुंबईतलं स्वस्त जेवण मुळात कुटुंबासाठी तयारच झालं नाही. ते तयार झालं एकट्या पुरुषासाठी. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला कामगार बायकामुलं गावी ठेवून आला होता. त्याच्यासाठी गिरणगावातल्या बायका घरात खाणावळी चालवायच्या. महिन्याचे पैसे ठरलेले, चपाती-भाजी किंवा भाकरी-कालवण. याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवावं, बँकेचं कर्ज मिळवून द्यावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे रांधणाऱ्या बायका होत्या, जेवणारे सगळे पुरुष.

इतर जागांचंही तेच. काळबादेवीच्या बाजारात माल घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांसाठी गुजराती भोजनालयं निघाली. तिथलं श्री ठाकर भोजनालय १९४५ सालचं. दक्षिणेतून कारकुनीसाठी आलेल्या मंडळींना माटुंग्यात उडुपी खानावळींचा आधार झाला. कोपऱ्यावरच्या इराण्याकडं चहा आणि ब्रुन मस्क्यावर गरिबातला गरीब माणूस तासभर पेपर वाचत बसू शकायचा. पण तो माणूस एकटा असायचा. सरकारनं स्वस्त जेवणाचा विचार केला तोही याच माणसाला डोळ्यांपुढं ठेवून. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. दोन्ही योजनांनी कष्टकऱ्यांची भूक भागवली. पण आजी आणि दोन नातवंडं घेऊन निवांत बसायची ती जागा नव्हे.

मग कुटुंबाचं काय? त्यांच्यासाठी हॉटेलवाल्यांनी एक खोली काढली. तिचं नाव 'फॅमिली रूम'. मी १९८३ साली नोकरीला लागले तेव्हा पगाराच्या दिवशी आम्ही चौघी मैत्रिणी डबा न आणता बाहेर जेवायचो. दारातून आत पाय टाकला की वेटर आमच्याकडं न बघताच बोट वर करायचा आणि ओरडायचा, 'फॅमिली ऊपर!' चौघींपैकी कुणी कुणाची फॅमिली नव्हतो. पण बाई दिसली की फॅमिली, असा हिशेब. वर लाकडी जिन्यानं जायचं, माळ्यावर डोकं आपटेल एवढी उंची, आणि पडद्याचे कप्पे. तिथं दर दोन रुपये जास्त. आज तो पडदा बहुतेक ठिकाणी गेला आहे. त्याच्या जागी 'ए.सी. फॅमिली' आली. महामार्गावर तर 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशा पाट्या दिसतात. त्यातलं फॅमिली कुठलं आणि बार कुठला हे आत गेल्यावरच कळतं.

हा इतिहास सांगितला, कारण त्यातून एक उपयोगी सूत्र निघतं. मला विचारायला येणाऱ्यांना मी तेच सांगते. हिंडायचं फोर्टात, जेवायचं वस्तीत. मुंबईकर जिथं नोकरी करतात तिथली स्वस्त हॉटेलं नोकरदारांच्या घड्याळावर चालतात. दुपारी एक ते दोन तिथं पाय ठेवायला जागा नसते. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि तुमचा शेवटचा घास तोंडात असतानाच मागं पुढचा माणूस येऊन उभा राहतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला अर्ध्या तासात परत जागेवर बसायचं असतं. आणि आपण नेमके ज्या दिवशी जातो त्या रविवारी फोर्टातली पुष्कळ हॉटेलं बंद असतात. गिऱ्हाईकच घरी, तर हॉटेल कशाला उघडायचं? मग उरतात ती प्रवाशांसाठी थाटलेली, समुद्राच्या आसपासची महाग ठिकाणं. सहल तिथंच फसते.

याउलट दादर, माटुंगा, गिरगाव. इथं माणसं राहतात, रविवारी सासूसासरे आणि पोरंबाळं घेऊन खायला बाहेर पडतात. इथल्या उपाहारगृहांना कुटुंबाची सवय आहे. आपल्या कळव्याला फास्ट गाडी थांबत नाही म्हणून आपण नेहमी कुरकुरतो, पण या कामी स्लो गाडीच उपयोगाची, कारण ती माटुंग्यालाही थांबते. फक्त रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी पेपरात पाहून ठेवा. ब्लॉक ठाण्याच्या पुढं स्लो लाइनवर असला तर गाड्या फास्ट लाइनवरून जातात आणि कळव्याला थांबतच नाहीत. अशा वेळी रिक्षानं ठाणं गाठावं लागतं.

आता एकेक ठिकाण घेऊ. माटुंगा स्टेशनला लागून ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. आधी पैसे भरून कूपन घ्यायचं, नंबर आला की बसायचं, आणि केळीच्या पानावर जेवायचं. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, ताक. पोटभर जेवण वेगळं आणि मोजक्या वाढपाची थाळी वेगळी, असे दोन प्रकार आहेत. कमी जेवणाऱ्या आजींसाठी आणि लहान मुलांसाठी ही मोजकी थाळी फार सोयीची. स्वयंपाकघर आत जाऊन पाहायलाही मनाई नाही. मुलांना ते जरूर दाखवा. एवढा भात एका वेळी शिजताना पाहणं म्युझियमपेक्षा कमी नाही. अडचण एकच, जागा वरच्या मजल्यावर आहे. गुडघेदुखीवाल्यांनी आधी विचार करावा.

दादरला 'प्रकाश' आणि 'आस्वाद' ही दोन नावं मराठी माणसाला सांगायला नकोत. 'आस्वाद' १९८६ चं. २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत त्यांच्या मिसळीला जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरवलं गेलं, तेव्हापासून तिथली गर्दी आणखी वाढली. इथं पूर्ण जेवणाचा आग्रह धरू नका. थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ, पियूष असे वेगवेगळे पदार्थ मागवा आणि मधे ठेवून वाटून खा. सहा जणांत चार-पाच बशा पुरतात. धाकट्याला बटाटावडा मिळतो, आजोबांना थालीपीठ चालतं. रविवारी बाहेर नाव देऊन थांबावं लागतं, तेव्हा अकराच्या आत पोहोचा, नाहीतर आजोबांच्या खिशात दोन बिस्किटं असू द्या.

गिरगावात ठाकुरद्वारला 'विनय हेल्थ होम' आहे. मरीन ड्राइव्हवरून चालत येण्यासारखं. मिसळ, उपासाचे पदार्थ, साधं मराठी खाणं. मेट्रो सिनेमाजवळ १९०४ सालचं 'कयानी' हे इराणी हॉटेल. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. इथं जेवायला न जाता सकाळी न्याहारीला जावं. ब्रुन मस्का, ऑम्लेट आणि चहा यात सहा माणसांचं भागतं, आणि पुढं दुपारपर्यंत पोट हू की चू करत नाही.

फोर्टात आणि बोरीबंदरला काय? स्टेशनसमोरचा 'आराम'चा वडापाव आणि 'कॅनन'ची पावभाजी ही माझी नोकरीभराची साथ. पण ती उभ्यानं खायची, पाच मिनिटांत आटपायची. कॉलेजातल्या मुलांना उत्तम, आजींना नाही. बाजारगेटातला 'पंचम पुरीवाला' पुरी-भाजीला नावाजलेला आणि खिशाला परवडणारा, पण जागा चिमुकली. चौघांना एका टेबलावर जागा मिळाली तर नशीब. आड वेळेला, म्हणजे साडेअकराला किंवा तीननंतर गेलात तर जमतं.

अमर्याद थाळीबद्दल एक शब्द. काळबादेवीची थाळी एकदा तरी खावी अशीच असते, पण ती 'परवडणारी' या यादीत बसत नाही. शिवाय अमर्याद थाळी माणशी मोजतात. चार फुलके खाणारा बाप आणि अर्धा फुलका खाणारी नात, दोघांना एकच दर. मुलांसाठी निम्मा दर आहे का, तो किती वयापर्यंत, हे बसण्याआधी विचारा. रविवारची थाळी बहुधा गोडधोडाची असते आणि दरही चढा असतो.

हीच नावं धरून ठेवा असं माझं म्हणणं नाही. हॉटेलं बंद होतात, दर बदलतात, चालवणारी पिढी बदलते. खोताच्या वाडीतलं 'अनंताश्रम' आमच्या आधीच्या पिढीला मासळीच्या जेवणाची पंढरीच वाटायचं. आज ते नाही. म्हणून नावांपेक्षा खुणा ओळखायला शिका.

पहिली खूण, दरपत्रक. दारातच भाव लिहिलेले असतील तर तो माणूस तुमच्याशी सरळ वागणार आहे. मेन्यू कार्ड आत बसल्यावर मिळालं तर भाव वाचा, आणि परवडत नसेल तर उठा. पाणी प्यायलं म्हणून जेवलंच पाहिजे असा कायदा नाही. दुसरी खूण, पाणी. वेटरनं न विचारता स्टीलचा जग आणि पेले आणून ठेवले तर ठीक. तो आधी 'बिसलेरी की साधा?' विचारत असेल तर स्पष्टपणे 'साधं' म्हणा. आणि लक्षात ठेवा, हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावायला सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिलेली आहे, तेव्हा तिथं वाद घालून उपयोग नाही. आपली बाटली घरून भरून न्यावी.

तिसरी खूण, बसलेली माणसं. दारातून आत एक नजर टाका. एखादी आजी दिसते का? एखादं मूल खुर्चीवर उभं आहे का? असेल तर बिनधास्त आत जा. चौथी खूण, स्वच्छतागृह. बसण्याआधी गल्ल्यावर विचारा, आणि हे विचारायचं काम घरातल्या पुरुषानं करावं. बायकांना ते विचारायला संकोच वाटतो, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पाचवी खूण, जादा बशी. 'एक रिकामी प्लेट द्या' म्हटल्यावर वेटरच्या कपाळावर आठी पडते की तो दोन आणून ठेवतो, यावरून त्या जागेला कुटुंब हवं आहे की नको, ते कळतं.

आता बिलाबद्दल. माझ्या नणंदेच्या घरची मंडळी दोन वर्षांपूर्वी समुद्राजवळच्या एका हॉटेलात जेवली. नाव सांगत नाही. बिलात दहा टक्के सेवा शुल्क लावलं होतं. नणंदेच्या यजमानांनी आवाज न चढवता विचारलं, 'हे आम्ही द्यायला हवंच का?' मॅनेजरनं काही न बोलता ते काढून नवं बिल दिलं. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सूचना काढल्या, की हॉटेलानं असं शुल्क आपोआप बिलात लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. वेटरनं आपुलकीनं वाढलं तर त्याच्या हातात जरूर काही ठेवा. तो आपला आनंद, सक्ती नव्हे.

जीएसटीचंही समजून घ्या. साध्या उपाहारगृहात नोव्हेंबर २०१७ पासून तो पाच टक्के आहे, ए.सी. असो वा नसो. म्हणजे वरच्या गार खोलीत तुम्ही जास्त देता ते सरकारला नाही, तिथल्या वेगळ्या दरपत्रकाला. खाली पंख्याखाली बसलात तर तीच इडली कमी पैशांत मिळते. छोट्या हॉटेलांपैकी काही जण कराची ठोक योजना घेतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि तसं बिलावर लिहावंही लागतं. बिल वाचणं हा काही कद्रूपणा नाही. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, तिथं मात्र कागद उलटा ठेवून पैसे देतो.

डबा नेऊ नये का? जरूर न्यावा. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून दशम्या आणि चटणी खाण्यात काही कमीपणा नाही. पण त्याची दुसरी बाजू पाहा. तो डबा पहाटे चारला उठून कुणी केला? सहल सगळ्यांची असते, आणि घरातल्या एकीची ती स्वयंपाकघरातच सुरू होते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगते. आमच्या शेजारच्या काकूंच्या कुटुंबाबरोबर मी एकदा मुंबई दाखवायला गेले होते. दुपारी एका हॉटेलात बसलो. मेन्यू कार्ड फिरत फिरत काकूंकडं आलं. त्यांनी पदार्थांची नावं वाचलीच नाहीत. त्यांचं बोट उजवीकडच्या आकड्यांवरून खाली खाली सरकत गेलं. मग त्यांनी कार्ड मिटलं आणि म्हणाल्या, 'मला भूकच नाही गं. सकाळचं अजून पचलं नाही.' सकाळी आम्ही साडेसहाची गाडी पकडली होती. काकूंनी फक्त चहा घेतला होता. मुलं जेवली, नवरा जेवला, आणि काकूंनी धाकट्याच्या ताटातलं उरलेलं संपवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण घरी रोज हेच होत होतं.

त्यानंतर मला कुणी 'परवडणारं हॉटेल कुठलं' विचारलं की मी मनाशी एकच माप लावते. जिथं घरातली बाई भावाचे आकडे बघून 'मला भूक नाही' असं म्हणणार नाही, ते परवडणारं. आणि जिथं तिला कुणी आयतं, गरम, बसल्या जागी वाढतं, ते कुटुंबाचं. दर आणि पत्ता त्यानंतर. एखाद्या वेळी याचा अर्थ असा होतो, की मुलांना हव्या त्या झगमगीत ठिकाणी न जाता सगळ्यांनी माटुंग्याला पानावर बसायचं. मुलं थोडा वेळ रुसतील. रुसू द्यावं.

तेव्हा येत्या सुट्टीत मुंबईला निघालात तर आदल्या रात्री तीन गोष्टी करा. मेगाब्लॉक पाहा. जेवायचं ठिकाण आधीच ठरवून, ते त्या वारी उघडं आहे ना याची फोन करून खात्री करा. आणि माणशी किती खर्च करायचा तो आकडा घरात सगळ्यांसमोर मोकळेपणानं बोला, म्हणजे टेबलावर बसल्यावर मनातल्या मनात बेरजा कराव्या लागणार नाहीत. मग हॉटेलात बसल्यावर मेन्यू कार्ड सगळ्यात आधी घरातल्या बाईच्या हातात द्या. तिनं मागवेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.